ओला अंगठा

मंडळातले आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, उधन्याच्या छापखान्यात आमची स्मरणिका छापून घेत होते. "शेवटचं पान थांबवा, एक फोटो वाढलाय," एवढंच मी म्हणाले. त्याला आता दीड महिना झाला.

आमच्या खानदेशी मंडळाच्या स्मरणिकेत शेवटच्या पानावर त्या वर्षी वारलेल्या सभासदांचे फोटो असतात. लूमवर जन्म काढलेल्या माणसाचा कित्येकदा तेवढाच फोटो. घरचे तो कापून चौकटीत लावतात. एका वर्षी एका कारागिराच्या चेहऱ्याचा नुसता काळा डाग आला. त्याची बायको गोडादऱ्याहून चालत आली आणि भरसभेत तिने सेक्रेटरींच्या दोन थोबाडीत दिल्या. "हाऊ मना मालक शे का? डोया कोठे शेतस याना?"

तेव्हापासून छपाई तपासायचं काम आप्पांकडे आलं. डाइंग मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर कापडाचा रंग तपासलेला. तीच रीत कागदाला. अंगठा जिभेला लावायचा, फोटोवर घासायचा. शाई निघाली की प्रत टराटरा फाडायची.

गेल्या वर्षी त्यांनी सगळाच माल नापास केला. छापखानेवाला म्हणजे सेक्रेटरींचा साडू. तो हसला, "अरे काका, फुकटनी चोपडी, कोण जुए छे?" फुकटचं पुस्तक, बघतंय कोण म्हणे. आप्पांनी अख्खा गठ्ठा त्याच्या तोंडावर हाणला. नाकातून रक्ताची धार लागली. त्याने लोखंडी पट्टी उचलून आप्पांच्या उजव्या हातावर घातली... हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मी त्याची मानगूट धरून त्याला भिंतीवर आपटलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

रिक्षात आप्पा म्हणाले, "ताई, गठ्ठे तसेच राहिले. वाटून टाकतील ते. मागे फिरव."

"हात बघा आधी!"

"डावा आहे ना."

फिरलो. डाव्या हाताने त्यांनी एकेक गठ्ठा पाण्याच्या पिंपात बुडवला. सगळं पुन्हा छापावं लागलं. उजवा हात मात्र शेवटपर्यंत वळला नाही.

यंदाचे गठ्ठे बघायला छापखान्यात गेलो तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "तपासणारा माणूसच गेला. चालवून घ्या." मी अंगठा ओला करून आप्पांच्या चेहऱ्यावर घासला. अर्धी मिशी माझ्या अंगठ्यावर आली. मी प्रत फाडली आणि पिंपाकडे पाहिलं. सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले. "पुन्हा छापू," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला अंगठा कोरा राहिला. प्रत घेऊन मी आप्पांच्या घरी गेले. चौकट तयार होती. काकूंनी कात्री हातात घेतली, मग खाली ठेवली, आणि अंगठा जिभेला लावला.