डावीकडची वायर

माझ्यासोबत काम करणारे मारुती अण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बेळगावच्या आमच्या दवाखान्यात, स्कॅन साठवायच्या स्टोरेजच्या खोलीत बसले होते, त्यांच्याच खुर्चीत. फोन खासबागेतून, त्यांच्या मुलीचा. ‘जेवले, आडवे झाले, उठलेच न्हाईत...’ माझी नजर समोरच्या पेटीवर गेली. डावीकडचा हिरवा दिवा निवांत पेटलेला होता.

त्या पेटीत रुग्णांचे जुने स्कॅन असतात. नेटवर्कच्या दोन वायरी जोडून अण्णांनी तिला एक रुंद वाट करून दिली होती. मला वाटलं, आता सगळं दुप्पट वेगानं येणार. तसं होईना म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाले, ‘दोन दारं हायत म्हणून एक माणूस दोन्हीतनं जातोय व्हय गं? कोण कुठल्या दारानं, ते पत्त्यावरनं ठरतंय.’ पेटीला संगणक दोनच. त्यांचा डावीकडून जायचा, माझा उजवीकडून, आणि वापरात असेल त्या वायरीचा दिवा लुकलुकायचा. एक वायर गेली, तर तिचं ओझं दुसरी गुपचूप उचलायची. गुंजी गावच्या तुमच्या भातशेतीपेक्षा तुम्हाला या वायरींचीच काळजी लई, असं मी चिडवायचे. ते नुसते हसायचे.

खंडेनवमीला आम्ही पेटीला हार घालायचो. मग अण्णा एक वायर काढून पेटीच्या डोक्यावर अलगद ठेवायचे, दुसरी सगळं पेलते का ते बघत चहा प्यायचे आणि चहा संपला की परत लावायचे. ‘हत्याराची नुसती पूजा करून भागत न्हाय, परीक्षा बी घ्यायला पायजे.’

यंदाची खंडेनवमी ते गेल्यावर काही आठवड्यांनी आली. हार मी एकटीनंच घातला. परीक्षा घ्यायचं धाडस झालं नाही. खोलीला कुलूप लावून जेवायला गेले. अण्णांचा संगणक तोवर काढून नेला होता, म्हणून रिकामी झालेली डावी वायर दुसरीकडे द्यायला दवाखान्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. परत आले, तर वरच्या ऑपरेशनच्या खोलीतून एका बाईंचा जुना स्कॅन मागत होते. बाईंना टेबलावर घेतलं होतं. मी तो माझ्या संगणकावरून पाठवायला लावला आणि तेवढ्यात साहेबांचं काम उरकावं म्हणून डावीला हात घातला. तिचा दिवा लुकलुकत होता... मी हात मागं घेतला. अण्णांच्या वाटेनं आता कोण जात होतं? मग उजवीकडे बघितलं. उजवी वायर पेटीच्या डोक्यावर होती, अलगद ठेवलेली. स्कॅन अण्णांच्या वायरीवरून चालला होता. मी ती ओढली असती, तर त्या बाई तशाच टेबलावर खोळंबल्या असत्या. खोलीची किल्ली एकच, आणि ती माझ्या पर्समध्ये होती.

स्कॅन वर पोचला. मी चहा मागवला, संपवला, आणि मगच उजवी परत लावली. माझं ओझं आपल्या जुन्या वाटेनं गेलं.

डावी वायर निघणार नाही, असं मी साहेबांना सांगून टाकलंय. तिच्यावर कुणीच नसतं. तरी कधीकधी दुपारी, चहाच्या वेळेला, तो दिवा लुकलुकायला लागतो. भीती वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण मी चहा दोन सांगते.