डाव्या पंगतीचं चित्र

महिपती पेंटरनं माणसामाणसांत कधी डावं-उजवं केलं नव्हतं. पेढीची पाटी असो की टांग्याच्या मागचं कमळ, तो तितक्याच जिव्हाळ्यानं रंगवायचा. खोट एकच, कौतुकाला गडी फार हपापलेला. आपल्या चित्रापुढं चार माणसं हसली, की दिवसभर त्याचे पाय जमिनीला लागत नसत.

सदतीसच्या निवडणुकीत आबासाहेब अडत्यांनी त्याला गिरणीच्या वाटेवरची एक भिंत दाखवली. "ह्या डाव्यांची अशी फजिती काढ, की लोकांनी पोट धरून हसलं पायजे."

"डावे म्हंजे कोण, आबासाहेब?"

"लाल बावटेवाले रे. आन आमी उजवे."

का, ते आबासाहेबांनाही धड ठाऊक नसावं. विलायतेत कोण कुठल्या बाजूला बसतं, असलं काहीतरी ते पुटपुटले. महिपतीला डावा-उजवा म्हणजे हात, एवढंच कळत होतं. त्यानं पंगत काढायची ठरवली. उजवीकडं फेटेवाले उजव्या हातानं नीटनेटके जेवताहेत, डावीकडं बावटेवाले डाव्या हातानं, आमटी मिशांवर आणि भात मांडीवर. कल्पना झकास होती. पण डाव्या हातानं जेवणारा माणूस बसतो कसा?

तसा माणूस त्यानं जन्मात एकच पाहिला होता.

त्याच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या मायाप्पाचा उजवा हात गिरणीच्या पट्ट्यात सापडून कोपरापासून गेला होता. आता तो गिरणीच्या फाटकाशी फुटाणे विकायचा. थोट्या कोपरानं कागद दाबून, मान तिरकी करून पुडी बांधायचा आणि देताना दर गिऱ्हाइकाला म्हणायचा, "डावा हात हाय, राग नका मानू." जेवायला मात्र तो चारचौघांत बसत नसे. लग्नकार्यातूनही उपाशी परत यायचा. घरच्यांखेरीज तो फक्त महिपतीसमोर जेवायचा. "तुज्याम्होरं मला लाज वाटत न्हाय, म्हैपती," असं एकदा म्हणालाही होता.

महिपतीचा कुंचला भिंतीवर सरसर चालला. कोपरानं दाबलेली भाकरी, ताटात घातलेली तिरकी मान, घासाबरोबर वर जाणारा डावा खांदा. चित्रातल्या माणसाला त्यानं दोन्ही हात दिले, लाल बावटाही दिला, पण बसणं मायाप्पाचंच होतं. हे त्याला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, आणि 'जमलं बुवा!' म्हणून तो खूश झाला होता.

भोंगा झाला, पाळी सुटली. लोक थबकले, खदखदून हसले. बावटेवालेसुद्धा हसले. महिपती शिडीला टेकून वाहवा घेत होता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर आपला फुटाणेवाला की!" मग काय विचारता! एकानं तर मान तिरकी करून, खांदा उडवून घास घेऊन दाखवला. महिपतीही हसला. ते हसू तोंडावर असतानाच त्याला गर्दीमागं टोपली घेतलेला मायाप्पा दिसला.

महिपतीनं तिथल्या तिथं चित्रावर चुना फासला. आबासाहेब नाही नाही ते बोलले, ते त्याला ऐकूही आलं नाही. त्याला स्वतःचीच किळस आली होती. संध्याकाळी तो भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन समोरच्या खोलीत गेला.

"या, बसा," मायाप्पा म्हणाला.

इतक्या वर्षांत त्यानं महिपतीला कधी 'या' म्हटलं नव्हतं.

"मायाप्पा, चुकलं रे माझं. मला लाज वाटती."

"तुमचं काय चुकलं? चित्र बेस हुतं. जेवा."

मायाप्पाच्या बायकोनं, केराबाईनं, रोजच्यासारखी दोन ताटं मांडली. मायाप्पानं आपलं ताट भिंतीकडं सरकवलं आणि डावा हात धोतराच्या सोग्याखाली घेतला. महिपतीनं घास मोडला, पण तो तोंडापर्यंत जाईना.

"सकाळधरनं पोटात काय न्हाय तुमच्या," केराबाई नवऱ्याला म्हणाली. "बसा की जेवायला."

"बसतो," मायाप्पा म्हणाला. "पाव्हणं गेलं, की बसतो."