लंगोटापुरतं पुरळ

लेकीच्या अंगावर पुरळ उठलं ते माझ्यामुळे, आणि मी ते दुसऱ्याच्या नावावर खपवलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणानं लिहिता येईल.

लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर आम्हाला मुलगी झाली. मी चव्वेचाळीस वर्षांचा, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जाणारा. दवाखान्यातून तिला दौंडच्या घरी आणताना मी रिक्षावाल्याला इतक्यांदा "हळू, हळू" म्हटलं, की तो म्हणाला, "काका, उतरून ढकलत नेऊ का आता?" मला तेही गोड लागलं.

सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला गल्लीतल्या एक आजी यायच्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच पायांवर न्हालेली. आजी ख्रिस्ती. पहिला तांब्या ओतायच्या आधी डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायच्या, आणि मग पोरीला असं काही चोळायच्या की माझाच जीव वरखाली व्हायचा. "घाबरता काय दादा? पाठ बघा कशी रुळावाणी सरळ करते ती!"

लंगोट धुण्याचं काम मी मागून घेतलं होतं. दिवसाला वीस-बावीस! त्यातला रंग बघून मी बायकोला बातमी द्यायचो, "आज अगदी मोहरीसारखं गं!" ती म्हणायची, "अहो, जेवतेय मी." गच्चीवरच्या दोऱ्या लंगोटांनी भरल्या की घरात लग्न निघाल्यासारखं वाटायचं.

बायकोनं एकच बजावलं होतं, लंगोट हातानं आणि वेगळ्या बादलीत धुवायचे. दोन आठवडे धुतले. मग ओव्हरटाइम लागला, अंग मोडून यायचं, आणि मी लंगोट कंपनीच्या युनिफॉर्मबरोबर मशीनमध्ये टाकू लागलो. प्लांटमधले कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. पण मी म्हटलं, मशीन धुतंय की.

चौथ्या दिवशी लेक लाल झाली. रडून रडून आवाज बसला तिचा. सकाळी आजी तेलाची वाटी घेऊन आल्या, तर मी त्यांना दारातच अडवलं. "काय फासता आमच्या पोरीला? उद्यापासून येऊ नका!" पाण्याची वेळ होती. नळावरच्या सगळ्या बाया हंडे टाकून बघत राहिल्या.

आजी एवढंच म्हणाल्या, "दादा, ह्येच त्याल तुमच्या बायकूच्या पाठीला बी लावते की मी." आणि वळल्या. संध्याकाळपर्यंत समोरच्या घरानंही, जिथं नुकतीच सून बाळंत झाली होती, त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं.

आता अंघोळ माझ्याकडे आली. पाटावर बसलो, पाय लांब केले, लेकीला पायांवर घेतलं. तेल लावल्यावर ती माशासारखी सुळसुळायला लागली. मी एका हातानं मान धरतोय, दुसऱ्यानं तांब्या, आणि तिनं नेम धरून माझ्या बनियनवर धार सोडली. "आली बघा पावती!" म्हणत बायको दारात उभी राहून हसून हसून लोटपोट झाली. मीही हसत होतो, आणि हसता हसता माझी नजर थांबली.

पुरळ पोटावर त्रिकोणात होतं. कमरेला जिथं लंगोटाची नाडी बसते, तिथं रेघ मारल्यासारखं संपत होतं. आजींचं तेल तर कानाच्या पाळीपासून टाचेपर्यंत लागायचं.

मला कळलं. मी बोललो नाही. गुपचूप सगळे लंगोट उकळले, पुन्हा हातानं धुवायला लागलो. आठवड्यात कातडी स्वच्छ झाली. बायको म्हणाली, "आजींचं तेलच बाधलं असणार." मी म्हणालो, "हं." त्या एका हुंकाराची मला आजही लाज वाटते.

आजींच्या दाराला कुलूप लागलं. गल्लीत आता कुणी बोलवत नाही, म्हणून त्या शिरूरला मुलीकडे गेल्या, असं नळावर कळलं. त्याच आठवड्यात लेक पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. झोपेतलं नाही, खरं हसू! मी घरभर नाचलो. नाचता नाचता थांबलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. तिनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, "मग इथं काय बसलाय? गाडी काढा."

न्हावऱ्यावरून शिरूरला पोचलो. आजी अंगणात मटार सोलत होत्या. मी खाली मान घालून सुरुवात केली.

"एवढं हळू का वो?" आजी म्हणाल्या. "तवा तर सगळ्या गल्लीला ऐकू गेलं हुतं."

"आजी, मी..."

"हितं न्हाई ऐकायची मी. जिथं बोललात तिथं बोला. सकाळच्या गाडीनं येते. आन् पानी कडक तापवून ठिवा."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला आजी पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात तेलाची वाटी. लेक माझ्या खांद्यावर होती, तिनं ओकलेलं दूध माझ्या पाठीवरून ओघळत होतं. नळावरचे हंडे थांबले.

"बोला," आजी म्हणाल्या.

मी गल्लीला ऐकू जाईल असं बोललो, "आजी, तुमच्या तेलाचा काही दोष नव्हता. कंपनीचे कपडे लंगोटांत मी धुतले, आणि कळल्यावरही तुमचं नाव खराब होऊ दिलं. माझं चुकलं. मला माफ करा."