आजीला सांगायचं नाही

"आजा घावला का, भाऊसाहेब?"

शेवगावच्या कचेरीत मी जुनं दप्तर सांभाळत होतो. दर बाजाराच्या दिवशी हे म्हातारे बाबा चपला दाराबाहेर काढून येत आणि मला नव्हे, लाल फडक्यातल्या गठ्ठ्यांना नमस्कार करत. बांधावरच्या भांडणात खून झाला म्हणून त्यांच्या आज्याला काळ्या पाण्यावर धाडलं होतं. त्या गोष्टीला ऐंशी वर्षं झाली होती. आजीनं मरेपर्यंत कुंकू लावलं. "खबर आल्याबिगर धन्याला पितरांत बसवू नगं," असं ती नातवाला बजावून गेली.

"म्हंजी आजा अजून उपाशीच हाय," बाबा सांगत.

मला हसू यायचं. एकदा आलं नाही. त्या दिवशी मी गठ्ठे सोडायला बसलो. खटल्याचा कागद सापडला, त्यावरून अंदमानला पत्र धाडलं.

उत्तराची वाट बघत बाबा कचेरीपुढच्या लिंबाखाली बसून राहत. दुष्काळाचं वर्ष, तळ्याला भेगा.

"समुद्र आपल्या तळ्याहून मोठा असंल, न्हाई?"

"लई मोठा, बाबा."

"मग आज्याला पान्याची ददात न्हाई." एवढं बोलून ते डोळे मिटून घेत आणि स्वतःशीच हसत. तुम्हीआम्ही याला वेळ दवडणं म्हणतो. मला त्यांचा हेवा वाटे.

आठ महिन्यांनी पत्र आलं. आजा शिक्षा भोगून सुटला होता, तिथंच जमीन कसली, दुसरं लग्न केलं, म्हातारा होऊन वारला. साल ऐकून बाबांनी मानमोडीच्या साथीपासून बोटं मोजली. आजी त्या साथीत गेली होती.

"आजीच्या मागं चार वर्सांनी! म्हंजी तिचं कुंकू खरं हुतं!" ते रडू लागले. मलाही राहवलं नाही.

जरा वेळानं हळूच म्हणाले, "दुसरी केली, ते आजीला सांगायचं न्हाई बरं का."

सर्वपित्री अमावास्येला त्यांनी मला जेवायला बोलावलं. आजा-आजीची पानं छपरावर शेजारी ठेवली. मग तिसरं पान घेऊन ते गोठ्यामागं निघाले.

"हिनंबी त्याला भाकर घातली. पर आजीला दिसाय नको."

कावळा आधी गोठ्यामागंच उतरला. बाबांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. अमावास्येला मी गेलो, तर त्यांच्या मुलानं छपरावर तीन पानं मांडली होती: आजा, आजी आणि बाबा.

मी आणखी एक पान वाढून घेतलं आणि कुणाला न सांगता गोठ्यामागं गेलो.