रेडिएटरसाठी घातलेलं गाऱ्हाणं

मोटारसायकलला रेडिएटर असतो हे मला गाडी घेईपर्यंत ठाऊक नव्हतं. हरमलला पर्यटकांना गाड्या भाड्याने देणाऱ्या एका माणसाने जुन्या गाड्या विकायला काढल्या होत्या, त्यातली एक मी पसंत केली. चावी देताना त्याने मला खाली वाकायला लावलं आणि पुढच्या चाकाच्या मागे, इंजिनाच्या समोर बसवलेली एक काळी चपटी पेटी दाखवली. म्हणाला, "हाका सांबाळ गो बाय. हो फुटलो काय गाडी वाटेर आडवी."

मी जवळून पाहिलं. कांद्याच्या सालीइतक्या पातळ पत्र्याच्या घड्या, एकीला लागून एक, इतक्या बारीक की बोट फिरवलं तर वाकतील. आतल्या नळ्यांतून पाणी फिरतं, इंजिनाची उष्णता घेऊन येतं आणि समोरून येणारा वारा ती उष्णता घेऊन जातो. मला कमाल वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. या यंत्रातला सगळ्यात नाजूक भाग सगळ्यांच्या पुढे उभा केलेला, कारण वारा तिथेच मिळतो. आणि जिथे वारा मिळतो तिथेच खडेही येतात. हरमलहून कोरगावला येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

घर कोरगावला आणि नोकरी सुर्ल्याला, म्हणून ही गाडी. खाणी पुन्हा सुरू झाल्यावर मला तिथे मिनेर तपासायच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. मिनेर म्हणजे खाणीतलं लोखंडाचं खनिज. कुठल्या ढिगात लोखंड किती, ते मी पाहते. बसने जायचं तर बस बदलण्यातच अर्धा जीव जातो. आईचं म्हणणं साधं होतं: सुर्ल्याजवळ डिचोलीत खोली घे, शनिवारी घरी ये. मला ते मान्य नव्हतं. मी एकुलती एक, चाळिशीला टेकलेली, आणि संध्याकाळी बाबांच्या बाजूला बसून पोई, म्हणजे आमच्याकडचा पाव, चहात बुडवून खाण्याची मला सवय आहे. ती सवय मोडायची नव्हती. बाबांनाही ती मोडायला नको होती, पण घरात आईसमोर तसं म्हणायची त्यांची छाती नाही.

शेवटी आईने अट घातली. दिवेलागणीच्या आत घरी यायचं. ज्या दिवशी गाडी वाटेत दगा देईल, त्या दिवसापासून डिचोलीची खोली. मी हो म्हटलं. बाबांनी मान डोलावली, पण आईकडे न बघता.

पहिल्याच आठवड्यात खडा बसला. डिचोलीच्या पुढे मिनेराचे टिपर रांगेने चालतात. वर ताडपत्री बांधलेली असते, तरी काही ना काही सांडतंच. मिनेराचा खडा सुपारीएवढा असला तरी हातात घेतला की वजन कळतं, ते लोखंडच. पुढच्या टिपरच्या चाकाखालून एक उडाला आणि टण्ण आवाज झाला. घरी येऊन पाहिलं तर रेडिएटरच्या घड्या एका जागी चेपल्या होत्या. नळी वाचली होती, केसभराने.

बाबा उकिडवे बसून बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिले. काजूचे दिवस होते आणि आमच्या बागेतली काजूच्या दारूची भट्टी पेटलेली होती. काजूच्या रसाची वाफ थंड करायला जे मडकं असतं त्याला आमच्याकडे लावणी म्हणतात. तिच्यावर ओलं गोणपाट घालायचं आणि पाणी ओतत राहायचं; लावणी तापली की सगळा माल फुकट. बाबांचा जन्म या कामात गेला. रेडिएटर काय करतो ते मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे ही लावणीच गो बाय!"

मी म्हटलं, "तशीच म्हणा ना." हे म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात आले तर गाडीच्या पुढे नारळ ठेवलेला, आणि रेडिएटरवर भिजवलेलं दुहेरी गोणपाट सुंभाने करकचून बांधलेलं. त्यावर कुंकू, गाठीत अबोलीचं फूल. खडा गोणपाटावर बसेल आणि ओलाव्याने आतलं पाणीही थंड राहील, असा दुहेरी बंदोबस्त. मी सांगायला लागले की बाबा, लावणीला पाणी थंड करतं, याला वारा थंड करतो, वारा अडला तर... पण बाबा डोळे मिटून गाऱ्हाणं घालायला लागले होते.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेलं बोलणं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ज्याने व्हय म्हटलं तो त्या मागण्यात सामील झाला. मग त्याला मागे फिरता येत नाही.

"बा देवा म्हाराजा! माझां चेडू खाणीच्या वाटेन जाता. खडो येवंदे, धोंडो येवंदे, तो ह्या गोणपाटार झेल रे म्हाराजा!"

आई स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती. अंगणात ते चेडू, म्हणजे त्यांची लेक मी, एकटीच. बाबा एक डोळा उघडून माझी वाट पाहत होते. शेवटी मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

कोलवाळच्या पुलावर मी गाडी थांबवली. हे सोडलंच पाहिजे हे मला पक्कं कळत होतं. गाठीला हात घातला. ते फूल, ते कुंकू पाहिलं आणि हात मागे घेतला. दिवसभर पांढरा कोट घालून खनिजाचा हिशेब लावणारी मी बाई, सुंभाची एक गाठ मला सोडवेना. स्वतःवरच चरफडत मी पुढे निघाले. सकाळचा गारवा होता, रस्ता मोकळा होता, गोणपाट ओलं होतं. निभावलं.

संध्याकाळी निभावलं नाही. ऊन उतरलं होतं, पण जमिनीतून वाफा येत होत्या. गोणपाट केव्हाच सुकून मिनेराच्या धुळीने माखलं होतं, सारवल्यासारखं घट्ट झालं होतं. सुर्ल्याहून निघाल्यावर चढाला टिपरांची रांग लागली आणि मी तिच्यात अडकले. तापमानाचा लाल दिवा लागला. मग खालून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि वाफ निघाली. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. आईची अट आठवली आणि डोळ्यांत पाणीच आलं. खोली, कुलूप, शनिवार. सगळं समोर दिसायला लागलं.

मागच्या टिपरचा चालक उतरून आला. मिशा पिकलेला, दोडामार्गाकडचा. त्याने वाफ पाहिली, गोणपाट पाहिलं आणि सरळ सुंभाला हात घातला. मग कुंकू दिसलं. हात जागीच थांबला.

"ह्यां कोणी बांधलां?"

"बाबांनी. गाऱ्हाणं घालून."

तो दोन पावलं मागे सरला. "मगे मी नाय सोडूचंय. ज्येनी बांधलां तेनीच सोडूक होयां."

"अहो, गाडी जळेल!"

"तां खरां. पण तू व्हय म्हटलंस काय?"

"म्हटलं."

"मगे झालां तर." आणि एवढ्या मोठ्या टिपरच्या चालकाने हात बांधून घेतले. मला हसावं की रडावं कळेना. रस्ता अरुंद, माझी गाडी एका बाजूला, त्याचा टिपर मध्ये. मागची सगळी रांग थांबली. एकेक चालक उतरून येऊ लागला. प्रत्येकाला आधी राग, मग गोणपाट पाहिल्यावर राग कुठे गेला ते त्यालाच ठाऊक. शेवटी तो पहिला चालकच म्हणाला, "फोन लाव बापाशीक."

मी फोन लावला. बाबांना सगळं सांगितलं. मग बाबा खाकरले. म्हणाले, "फोन गाडयेकडे धर. मोठ्यान ऐकाक येवंदे."

मी फोनचा स्पीकर चालू केला आणि रेडिएटरसमोर धरला.

"बा देवा म्हाराजा!" बाबांचा आवाज त्या लाल रस्त्यावर आला. चालकांनी डोक्याचे रुमाल काढले. "सकाळी जां गोणपाट तुझ्या नावान बांधलेलंय, तां आता तुझ्याच नावान सोडतंय. चूक बांधणाऱ्याची. चेडवाची न्हय, गाडयेची न्हय. पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी दचकले. सगळे चालक एकदम बोलले होते. धुळीने माखलेली, खेपेमागे खेप मारून थकलेली ती माणसं, ज्यांनी मला आधी कधी पाहिलंही नव्हतं, माझ्या गाडीसमोर हात जोडून उभी होती. मागच्या टिपरांपाशी जे थांबले होते, त्यांना काय चाललंय ते नीट कळलंही नसेल, पण आवाज ऐकून त्यांनीही तिथूनच होकार दिला. तो होकार रांगेतून मागे मागे गेला आणि खाली वळणापाशी विरला. देव आहे की नाही, मला माहीत नाही. पण त्या चढावर काहीतरी होतं आणि त्याच्यापुढे मी फार लहान होते.

"इंजिनाचो ताप उतरूंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबा पुन्हा खाकरले. मग त्यांनी आवाज चढवला. "आणि ह्यां माझां चेडू रोज ह्याच गाडयेर कामाक जावंदे, आणि रोज ह्याच गाडयेर माझ्या घराक येवंदे रे म्हाराजा!"

मी मनात म्हटलं, बाबा, काय केलंत हे! घरात तोंड न उघडणाऱ्या माणसाने सरळ देवाच्या दरबारात खोलीचा विषय काढला होता.

"व्हय म्हाराजा!" चढ दणाणला. तो आवाज ओसरला आणि मग फोनमधून, थोडा मागे पडलेला, एक बाईचा आवाज आला. "व्हय म्हाराजा."

माझ्याखेरीज आमच्या घरात बाई एकच. गाऱ्हाण्याला तिला ओठ हलवताना मी पाहिलं होतं, आवाज कधी ऐकला नव्हता.

दोडामार्गच्या चालकाने गाठ सोडली. गोणपाट झटकलं तसे त्यातून खडे गळले, धारदार, काळपट, ठिकठिकाणी चमकणारे. आत रेडिएटर, पहिल्या खड्याचा पोचा सोडला तर, जसाच्या तसा. म्हणजे बाबांचं अर्धं बरोबर होतं: आडोसा हवाच. आता तिथे मोठ्या भोकांची लोखंडी जाळी बसवली आहे. तिच्यातून वारा जातो, सुपारीएवढा खडा जात नाही, आणि दर रविवारी ती काढून बाबा नळाखाली धुतात. त्या दिवशी मात्र इंजिन निवेपर्यंत थांबून, चालकाच्या कॅनमधलं पाणी भरून मी हळूहळू घरी आले. अस्नोड्यालाच अंधार पडला होता.

आई पायरीवर उभी होती. बाबा आत कुठेतरी फारच कामात असल्यासारखे खुडबुड करत होते. मी गाडी लावली, हेल्मेट काढलं. अट मोडली होती. गाडी वाटेत बंद पडली होती, दिवेलागणही टळून गेली होती, आणि आई आता तेच म्हणणार होती. म्हणून मीच विचारलं, "आई, फोनवर तू व्हय म्हटलंस?"

आईने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"तू थंय वाटेर उभी," ती म्हणाली. "घराक येवंदे म्हटल्यार मी नाय कशी म्हणतलंय?"