सुग्राबीची वीत

जलाल मिस्त्रीला टेपची गरज कधी पडली नाही. मारेगावात गाड्यांच्या कामात त्याचा हात कोणी धरू शकत नसे, आणि मापालाही तोच हात पुरे. वीत टाकायची अन् गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहायचं. धम्मरत्नच्या जीपचं माप त्यानं असंच लिहिलं, आणि चार दिवसांनी छातीत कळ येऊन तो गेला.

इद्दत, म्हणजे विधवेनं घरात राहायचे चार महिने दहा दिवस, सरली तशी त्याची बायको सुग्राबी गॅरेजचं शटर उघडून बसली. नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून वेल्डिंग तीच करायची, पण ते आतल्या आत. आता बाईच्या हातात उघडउघड हातोडा पाहून गावाच्या पोटात दुखू लागलं. दीर इम्तियाजनं तर गॅरेज विकायला गिऱ्हाईकच शोधून आणलं.

"धम्मरत्नभाऊची जीप जयंतीच्या आत नाई झाली, तं चावी मले द्या, भाभी."

"देईन," ती म्हणाली.

जीप चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालायची होती. छत उडवलेलं, वर बाबासाहेबांच्या तसबिरीची चौकट, आणि समोर जुन्या अँबेसेडरचा क्रोमचा बंपर. त्या साली कापूस मातीमोल झाला होता. "गावात मयती होऊन राह्यल्या, अन् तुले चमक सुचते?" असं कुणीतरी धम्मरत्नला चहाच्या टपरीवर सुनावलं. "मंग जयंती काय तोंड पाडून करू?" तो म्हणाला. सुग्राबीला ते उत्तर फार आवडलं.

अँबेसेडरचा बंपर जीपला लांब पडतो. टोकं वळलेली, म्हणून तुकडा मधूनच काढावा लागतो. जीप रंगाऱ्याकडं होती. सुग्राबीनं भिंतीवर 'सात वीत' वाचलं, बंपरवर वीत टाकली आणि कापून मोकळी झाली.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी जीप आली. दोन्ही अर्धे जुळवून समोर धरले, तर दोन्ही अंगांनी सहा-सहा बोटं आखूड! तिनं भिंतीकडं पाहिलं, मग आपल्या पंजाकडं. वीत नवऱ्याची, आणि मोजली आपण. तिला स्वतःचाच असा संताप आला की हातोडा भिरकावावासा वाटला.

इम्तियाज दारातच होता. "कापलेला तुकडा मधात जोडा अन् वरून चंदेरी रंग मारा. नाईतर चावी द्या."

"वेल्डिंग लागलं का क्रोम निळं पडते. अन् झाकायचा रंग मी मारत नाई."

मग तिनं जोडलंच नाही. अर्धा बंपर डावीकडं, अर्धा उजवीकडं, वळलेली टोकं जीपच्या कडांशी बरोबर. मागून लोखंडी पट्ट्या दिल्या, नटबोल्ट आवळले, आणि मधल्या फटीत नंबरप्लेट बसवली. दुपार टळायच्या आत जीप उभी होती.

धम्मरत्ननं तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. "भाभी, असा बंपर मी नागपुरातबी नाई पाह्यला!"

"कसा दिसंन? मी तं इथं हाय."

तो हसत जीपकडं वळला. इम्तियाज मात्र हलेना. "भाईचं माप तुमाले वाचता नाई आलं," तो पुटपुटला.

सुग्राबीनं फडकं ओलं केलं आणि 'सात वीत' पुसलं. पुसताना जीव गलबलला, जलालचं अक्षर होतं ते. मग तिनं जीपवर स्वतःची वीत टाकली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि ओल्या भिंतीवर ठसठशीत लिहिलं : आठ वीत.

"नीट पाहून घे, इम्तियाज," ती म्हणाली. "या गॅरेजात आता याच हातानं मोजणं होईन."

आणि चावी तिनं कमरेला खोचली.