घोड्याच्या वर्षाचा दोरा

माझ्या सासूबाई, चू युन्जन, लाल दोऱ्याची कंकणं विणतात. दक्षिण चीनमधल्या छ्वानचौच्या आमच्या गल्लीत ज्याच्या जन्मवर्षाचा प्राणी बारा वर्षांनी फिरून येतो, तो वर्षाचा शेवटचा महिना लागला की आमचंच दार ठोठावतो. रेशमी दोरा, मधोमध पीचच्या लाकडातून कोरलेला त्या वर्षाचा प्राणी, मागे सरकती गाठ. एक पेड जरी सैल पडला तरी बाई सगळं उसवतात. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो मावशी, कुणाला दिसणार आहे?" तर "मला दिसतंय ना!" म्हणून त्यालाच दटावतात.

मी उत्तरेकडची, माझे हात कणीक मळण्याचे. मी विणलेली पहिली तीन कंकणं त्यांनी माझ्यादेखत उसवली. त्यानंतर मी दोऱ्याला हात लावला नाही. रागच आला होता, खोटं कशाला बोलू?

यंदा घोड्याचं वर्ष, म्हणजे खुद्द सासूबाईंचं. त्या साठीच्या झाल्या. आपलं वर्ष आपल्यालाच जड जातं. दुखणी येतात, पडझड होते. म्हणून मनगटावर लाल दोरा हवा, आणि तो आपल्या माणसाने बांधलेला हवा. स्वतःच्या हातचा स्वतःला लागत नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या बहिणीने स्वतः विणून बांधला होता. ती ऑक्टोबरात गेली.

माझा नवरा जहाजावर असतो. त्याने फोनवर सांगितलं, "आई, मी बाजारातला मागवून देतो."

"मशीनला माझं वय काय माहीत?" त्या हसल्या. पण फोन ठेवला आणि रिकामं मनगट चोळत कितीतरी वेळ बसून राहिल्या. या बाईलाही भीती वाटते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

रोज सकाळी त्या मासळी आणायला गेल्या की मी विणायला बसू लागले. घोडा कोरताना दोनदा बोट कापलं. जेमतेम वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी काम उरकलं, पण तोवर त्यांनी घरातल्या कात्र्या-सुऱ्या लाल कागदात गुंडाळून ठेवल्या होत्या. आता नव्या वर्षाचा पाचवा दिवस उलटेपर्यंत काही कापायचं नाही, नाहीतर भाग्य कापलं जातं. दोऱ्याची दोन लांब टोकं तशीच लोंबत राहिली.

जेवायला बसण्याआधी मी म्हटलं, "आई, हात द्या."

त्यांनी कंकण डोळ्यांजवळ नेलं. "हा घोडा? मला तर कुत्रं दिसतंय."

"मग चार वर्षांनी कुत्र्याच्या वर्षात पुन्हा कामाला येईल."

"पेड सैल आहे."

"आहे."

"आणि या शेपट्या?"

"कात्री तुम्हीच बांधून ठेवलीत."

मला वाटलं, आता उसवतात. त्यांनी हात पुढे केला. मी बांधलं. त्यांचं मनगट गार होतं.

पाच दिवस त्या शेपट्या सूपच्या वाटीत बुडल्या, दाराच्या कडीत अडकल्या. पाहुण्यांनी विचारलं तर त्या ऐटीत सांगायच्या, "सुनेने केलंय. वाकडं आहे, माहीत आहे मला."

सहाव्या दिवशी कात्री बाहेर निघाली. मी म्हटलं, "आणा आई, टोकं कापते. हवं तर उसवून नीट विणा, मला राग नाही येणार."

त्यांनी हात झटकन पदराखाली घ्यावा तसा एप्रनमध्ये लपवला.

"ताईनेही असंच वाकडंतिकडं विणलं होतं गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी मी ते उसवलं आणि झक्कपैकी विणून पुन्हा घातलं. तिने पाहिलं. आता तिच्या हातची एकही गाठ माझ्याकडे नाही."

मी कात्री खणात ठेवून दिली. सासूबाईंनी मळलेल्या शेपट्या एप्रनला पुसल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा घोडा कोरायला घेतला.